ड्युटी संपल्यावरचा धर्म

ड्युटी संपवून घरी निघालेल्या किंवा रजेवर असलेल्या परिचारिकेसमोर रस्त्यात, बसमध्ये किंवा घाटावर कोणी कोसळले, तर तिने धावून जाणे हे कर्तव्य की पुण्यकर्म? पुण्यकर्म म्हटले तर केल्यास कौतुक, न केल्यास दोष नाही. कर्तव्य म्हटले की ते टाळणाऱ्याला दोष लागतो.

देवास जिल्ह्यातल्या कन्नौदकडे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. होळकरांच्या राज्यातले हे ठाणे आज इंदूरहून बैतूलकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. पुढे खातेगाव, मग नेमावर, आणि पैलतीरी हंडिया. नर्मदेची नाभी मानल्या गेलेल्या नेमावरला अमावास्येच्या स्नानाला गर्दी लोटते. उत्तर तटाने अमरकंटककडे निघालेले परिक्रमावासी इथूनच जातात, आणि त्यांत मराठी माणसे पुष्कळ असतात. मोठ्या उपचारांसाठी इथून इंदूर किंवा देवास गाठावे लागते. हृदय थांबले तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. इतक्या वेळात जो हजर असेल तोच उपयोगी पडतो.

गीतेतल्या स्वधर्माचा अर्थ नेमून दिलेले काम एवढाच घेतला, तर तो ड्युटीच्या तक्त्याबरोबर संपतो. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहावर भर दिला. त्या दृष्टीने पाहिले तर समाज सावरून धरण्याची जबाबदारी ज्याच्या-त्याच्या सामर्थ्याप्रमाणे येते. चरकसंहितेने याला नेमका आधार दिला आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद, आणि परिचारकाचे गुणही चार: उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी ममत्व आणि शुचिता. यांतला एकही गुण गणवेशाबरोबर खुंटीला टांगता येत नाही. म्हणून तिला बांधते ते तिच्या अंगी असलेले ज्ञान. नेमणूक हे त्या ज्ञानाला मिळालेले निमित्त.

तीर्थक्षेत्री आणखी एक अडचण उभी राहते. स्नान, संकल्प, सोवळे, उपास हे सगळे मध्येच टाकून रक्ताने माखलेल्या अनोळखी देहाला हात लावायचा का? मराठी परंपरेने याचे उत्तर एकनाथांच्या कथेत केव्हाच दिले आहे. रामेश्वराला वाहायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. एवढ्या लांबून खांद्यावर आणलेले पाणी दिल्याने त्यांची यात्रा मोडली असे वारकऱ्यांनी कधी मानले नाही. उलट तिथेच ती पावली असे मानले. महाभारताच्या शांतिपर्वातही आपद्धर्माचा स्वतंत्र विचार आहे. संकटात नेहमीचे नियम सैल होतात, हे शास्त्रालाही मान्य आहे.

प्रत्यक्षात हे कर्तव्य पुष्कळदा लोकांना थांबवण्याचेच असते. घाटावर एखाद्याला फेफरे आले की कोणी कांदा फोडतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो, कोणी दातखीळ उघडायला चमचा घालतो, कोणी तोंडात पाणी ओततो. सगळ्यांची कळकळ खरी, पण पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि चमच्याने दात तुटतात. जाणकार बाई आधी गर्दी मागे सारते, डोक्याखाली घडी केलेली ओढणी सरकवते, झटके किती वेळ चालले ते घड्याळात पाहते आणि ते थांबले की रुग्णाला कुशीवर वळवते. श्वास आणि नाडी नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 दाब देते. कळकळीला ज्ञानाची जोड नसली तर काय होते, हे अशा घोळक्यात स्पष्ट दिसते. म्हणूनच ज्याला कळते त्याने नुसते उभे राहणे अधिक दोषाचे ठरते.

यावरचा आक्षेपही वजनदार आहे. परिचारिका बहुतेक स्त्रिया. रात्रपाळी करून आलेल्या बाईकडे शेजारी इंजेक्शन देण्यासाठी, रक्तदाब मोजून घेण्यासाठी दार ठोठावतात आणि त्याला सेवाधर्माचे नाव देतात. ही तिच्या विश्रांतीची लूट आहे. थकलेल्या हातांची किंमत दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या रुग्णाला मोजावी लागते. तेव्हा हे कर्तव्य फक्त तिथेच मानावे, जिथे जीव धोक्यात आहे, ती जवळ आहे, काय करायचे ते तिला येते आणि तिच्याहून जाणता कोणी हजर नाही. एरवी तिने नाही म्हटले तर त्यात अधर्म नाही.

कायदा यापेक्षा कमी मागतो. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये डॉक्टरांवर जखमीला वाचवण्याचे बंधन स्पष्ट केले, पण वाटसरूने मदत केलीच पाहिजे असा सर्वसाधारण नियम भारतात नाही. जर्मनी आणि फ्रान्समध्ये तो आहे. आपल्याकडे संरक्षण मात्र मिळते. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये घातलेले कलम 134 अ हे अपघातग्रस्ताला सद्हेतूने व मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी जबाबदारीतून मुक्त ठेवते. 108 ची गाडी आली, काय घडले आणि काय केले ते तिथल्या कर्मचाऱ्याला सांगून रुग्ण ताब्यात दिला, की परिचारिकेचे कर्तव्य पुरे होते. अपघातात मदत केली असेल, तर आपले नाव पोलिसांना सांगायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिचा आहे.