निदान एवढे तरी

डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान आपल्या नैयायिकांनी शेकडो वर्षे घोटून इतके गुळगुळीत करून ठेवले आहे की, तर्कशास्त्राचे पुस्तक जन्मात न उघडलेला मनुष्यही ते दिवसातून दहादा वापरतो. शेजारच्या घरात दोन आवाज चढले, की आपण मान हलवतो. एखादी मुलगी माहेरी चार दिवस जास्त राहिली, की आपल्याला सगळे समजते. आगीशिवाय धूर निघत नाही, असे म्हणून आपण पानाचा पुढचा विडा लावायला घेतो.

त्याच नैयायिकांनी एक सावधगिरीची सूचनाही दिली होती, ती मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. दिसतो आहे तो धूरच आहे ना, हे आधी पाहा, असे ते सांगत. डोंगरावर पहाटे धुकेही असते.

ही विसरलेली सूचना मला गेल्या मे महिन्यात एका मोटार-कारागिराने पुन्हा शिकवली. तो माझा जुना विद्यार्थी. इंग्लंडात जुन्या स्पोर्ट्स मोटारी दुरुस्त करण्याचे काम करतो. सुट्टीत गावी आला तेव्हा भेटायला म्हणून घरी आला. मोटारींतले मला काही कळत नाही. माझी धाव सायकलपासून एस.टी.पर्यंत. परंतु कोणत्याही माणसाला त्याच्या धंद्यातली अवघड गोष्ट विचारली की तो खुलतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी विचारले, "तुझ्या कामात सर्वांत अवघड काय रे?"

मला वाटले, तो एखाद्या गुंतागुंतीच्या यंत्राचे नाव घेईल. तो म्हणाला, "सर, धूर पाहून गप्प बसणं."

मग ओसरीवर बसून, चहाची कपबशी आणि पाण्याचा तांब्या पुढे मांडून, त्याने मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. जर्मनीतल्या पोर्श कारखान्याने 1996 ते 2004 या काळात बॉक्स्टर नावाच्या दोन आसनी मोटारीची पहिली पिढी काढली. तिच्या इंजिनातले सहा सिलिंडर उभे नसतात. तीन इकडे आणि तीन तिकडे असे आडवे निजलेले असतात. समोरासमोरचे दट्टे एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, जणू दोन मुष्टियोद्धे एकमेकांवर मोजे आपटत आहेत. म्हणून या रचनेला बॉक्सर म्हणतात. कार्ल बेंझने 1896 साली ती काढली. बॉक्सर इंजिन असलेली उघड्या टपाची रोडस्टर, तिचे नाव बॉक्स्टर. हे इंजिन बसणाऱ्याच्या पाठीमागे, गाडीच्या पोटात असते. पुढचे झाकण उघडावे तर तेथे सामानाचा कप्पा, मागचे उघडावे तर तेथेही सामानाचाच कप्पा! त्या मागच्या कप्प्यात तेल घालण्याचे एक झाकण तेवढे हाताला लागते. "सर, मालकाला इंजिन दिसतच नाही," तो म्हणाला. "दिसतं फक्त झाकण, आणि मागं सोडलेला धूर."

मला हे वर्णन मोटारीपेक्षा माणसाचेच अधिक वाटले. पण मी त्याला मध्येच तोडले नाही.

इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा दट्ट्याच्या कड्यांमधून थोडा जळका वायू खाली, जेथे तेल असते त्या पोकळीत झिरपतोच. कितीही उत्तम इंजिन असो, हे चुकत नाही. पूर्वीच्या मोटारी हा दूषित श्वास एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. पुढे 1950 नंतरच्या काही वर्षांत, लॉस एंजेलिसच्या आकाशात दाटणाऱ्या धुरक्याचे मूळ बव्हंशी मोटारींच्या वाफांत आहे, हे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. 1961 पासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत हा श्वास परत इंजिनातच ओढून जाळण्याची सोय आली, आणि हळूहळू ती जगभर पसरली. आपली घाण शेजाऱ्याच्या दारात न टाकता आपणच पचवावी, हा नागरिकधर्म मोटारीला असा शिकवण्यात आला.

परंतु त्या वायूबरोबर तेलाचे तुषारही असतात. वायू जाळायचा, तेल मात्र राखायचे. हे निवडण्याचे काम करणारी एक काळी प्लॅस्टिकची डबी इंजिनाच्या माथ्यावर अडचणीच्या जागी बसवलेली असते. तिला ऑइल सेपरेटर म्हणतात. वायू तिच्यातून जाताना तेलाचे थेंब मागे राहून खाली परततात आणि वायू पुढे जातो. इंजिनाची श्वास ओढण्याची ताकद फार मोठी. तिला लगाम घालण्यासाठी डबीत रबराचा एक पातळ पडदा असतो. दूध आणि पाणी वेगळे करणाऱ्या हंसाच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो. हा हंस दिसायला मुळीच सुंदर नाही, पण काम तेच करतो.

वर्षानुवर्षे उष्णता आणि तेल सोसून तो पडदा कडक होतो आणि एक दिवस फाटतो. यात कोणाचा अपराध नाही; चपलेचा तळ झिजतो, तसे हे रबर झिजते. मात्र पडदा फाटला की ओढीला लगाम राहत नाही. इंजिन आपलेच तेल शोषून घेते, जाळते, आणि मागून पांढरट निळसर धुराचे असे लोट निघतात की सारी गल्ली भरून जावी. पाहणाऱ्याला वाटते, संपले! इंजिन गेले! मालक घाबरतो, आणि उतावळा कारागीर त्या घाबरण्यावर शिक्कामोर्तब करतो. काही शेकड्यांचा भाग आणि काही तासांची मजुरी यांवर भागणारे दुखणे हजारो पौंडांच्या नव्या इंजिनावर जाते.

याच्या उलट चूकही होते. सिलिंडर आडवे असल्यामुळे, गाडी काही दिवस उभी राहिली तर थोडे तेल कड्यांपलीकडे पाझरून साचते आणि चालू करताच धुराचा एक झोत निघतो. काही क्षणांत तो थांबतो. हा रोग नव्हे, त्या इंजिनाचा स्वभाव आहे. हे ज्याने एकदा ऐकले, तो पुढे खऱ्या धुरालाही स्वभाव म्हणू लागतो. मग एखाद्या दिवशी सिलिंडरात इतके तेल जाते की दट्टा अडतो. वायू दाबता येतो, तेल दाबता येत नाही; आणि तेव्हा दट्ट्याचा दांडाच वाकतो. म्हणजे घाईने दोषी ठरवणेही वाईट, आणि प्रेमाने डोळेझाक करणेही वाईट.

"मग तू काय करतोस?" मी विचारले.

त्याने बोटे मोडून क्रम सांगितला. आधी विचारायचे: धूर केव्हा येतो, किती वेळ टिकतो, तेल कोणी प्रमाणाबाहेर भरले होते काय. मग धूर धूरच आहे का ते पाहायचे. थंडीतल्या सकाळची नुसती वाफ असेल तर ती हवेत लगेच विरते. गोडसर वास असेल तर थंड ठेवणारे पाणी कोठेतरी आत शिरते आहे. काळा असेल तर पेट्रोल जास्त होते आहे. निळसर, खवखवणारा आणि रेंगाळणारा असेल तर ते तेल. मग इंजिन तापवून, ते संथ चालू असताना, तेलाचे झाकण बोटांनी उचलून पाहायचे. किंचित ओढ लागून ते सहज सुटले तर ठीक. आतून कोणी धरून ठेवल्यासारखे घट्ट बसले, तर पडदा फाटल्याचा संशय धरावा. संशय म्हणजे निकाल नव्हे. म्हणून पुढे झाकणाच्या जागी एक नळी जोडायची आणि तिच्यातले पाणी किती चढते ते मोजायचे. चार ते सहा इंच चढले तर प्रकृती ठीक. त्याहून बरेच वर गेले तर दोष डबीचा. हवा आत घेणाऱ्या नळीत तेलाचा पातळ थर असतोच. तेथे तेल साचलेले दिसले तर पुरावा पक्का झाला. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तरच सिलिंडरांतला दाब तपासायचा, आणि इंजिन उघडण्याची गोष्ट अगदी शेवटी.

"हा क्रम का?" मी विचारले.

"झाकण उचललं तर परत लावता येतं, सर. इंजिन काढलं की मालकाचे पैसे गेलेच."

इतकी मोठी नीती इतक्या थोड्या शब्दांत मी क्वचितच ऐकली आहे. जो निकाल मागे घेता येत नाही, तो देण्याआधी जी कसोटी मागे घेता येते ती करून पाहावी. आपल्या भाषेत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रोगाचे मूळ ओळखणे, आणि दुसरा, कमीत कमी. आजवर मला हा भाषेतला एक योगायोग वाटत होता. त्या दिवशी वाटले की, या दोन अर्थांचे काही नाते असावे. निदान करण्यापूर्वी निदान झाकण तरी उचलून पाहावे.

कोणी म्हणेल, माणसे म्हणजे मोटारी नव्हेत, आणि संसारात प्रत्येक धुरापाशी नळी लावून बसायला वेळ कोणाला आहे? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. शिक्षकाला, आईबापांना, न्यायाधीशाला निकाल द्यावेच लागतात. निकालच देऊ नका, असे सांगणारा साधुपणा मला पटत नाही. तो खऱ्या आगीलाही धुके म्हणतो. पण आपल्याजवळ वेळ नव्हता, हे आपण म्हणतो तेव्हा बहुधा ते खरे नसते. मी हे दुसऱ्यांविषयी बोलत नाही.

2009 साली माझ्या वर्गात एक मुलगा होता. गाव सोलापूरकडचे. त्याच्या दप्तराला, सदऱ्याला तंबाखूचा उग्र दर्प येई. एकदा मधल्या सुट्टीनंतर तो उशिरा आला, आणि मी अनुमान पुरे केले. सगळ्या वर्गासमोर मी त्याला विडी ओढणारा ठरवले. त्याने मान खाली घातली. तेही मी कबुलीच समजलो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी मी जी मुले निवडली होती, त्यांतून त्याचे नाव मी स्वतःच्या हाताने खोडले. वर्ष संपताच तो शाळेत यायचा थांबला. गळतीच्या रकान्यात त्याचा एक आकडा झाला.

2011 च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या कामावर मी त्या वस्तीत घरोघर हिंडलो. एका खोलीत दाराशी एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली तेंदूची पाने. भिंतीवर त्याच सुपाच्या वर खुंटी होती, आणि खुंटीला ते दप्तर. मी ते ओळखले. बाईने मला ओळखले नाही, किंवा ओळखले असले तरी तसे दाखवले नाही. मी छापील प्रश्न विचारला, "काम काय करता?" ती म्हणाली, "विड्या वळते की. पोरगं हुतं तवर पानं कापून द्यायचं शाळंच्या आधी. आता मामाकडं असतंय पुण्याला, गवंड्याच्या हाताखाली." मी तिचे उत्तर रकान्यात लिहिले.

तो प्रश्न विचारायला मला अर्धे मिनिट लागले. सरकारने विचारायला सांगितला म्हणून 2011 साली विचारला. 2009 साली मला तो विचारायला कोणी मना केले नव्हते. दर्प खरा होता. पण तो तंबाखूचा होता, धुराचा नव्हता. एवढा फरक माझ्या नाकाला कळला असता, जर मी निकालाने आधीच तृप्त झालो नसतो. त्या वर्षी त्या मुलाच्या बाबतीत जे निवडून राखायचे होते, ते मीच जाळून टाकले. फाटलेला पडदा त्याच्यात नव्हता.

ही हकीकत मी माझ्या कारागीर विद्यार्थ्याला सांगितली. तो बराच वेळ तांब्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, पुणं काही इंग्लंडात नाही."

तो गेल्यावर मी त्या वस्तीत पुन्हा गेलो. ती बाई अजून विड्या वळते. नजर मात्र अधू झाली आहे. मुलाचा पत्ता तिने शेजारच्या मुलीकडून मला लिहवून दिला. तो कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे. दिवाळीच्या सुट्टीत जायचे ठरवले आहे. जाऊन काय बोलायचे ते मला सुचलेले नाही. गेलेली वर्षे परत लावता येण्यासारखे झाकण नव्हे, हे मला कळते. त्याने दार उघडले नाही तर तो त्याचा अधिकार आहे. पण या वेळी निदान विचारायचे तरी, असे ठरवले आहे: तू कसा आहेस, आणि त्या दिवशी तुला उशीर का झाला होता?