तारखेचा उंबरठा

पोटासाठी दूरदेशाहून आलेल्या कुटुंबाला नगरात निवारा मागण्याचा अधिकार कशाने प्राप्त होतो? मुंबईने या प्रश्नाचे उत्तर दिनांकात शोधले आहे. १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या झोपडीला पुनर्वसनात विनामूल्य घर, असा दंडक प्रथम ठरला. पुढे ही मर्यादा १ जानेवारी २००० पर्यंत सरकली आणि त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्यांसाठी सशुल्क घराची तरतूद झाली. प्रशासनाला कोठेतरी रेषा ओढावी लागते, हे मान्यच करावयास हवे. विनामूल्य घराचे दान अमर्याद ठेवले तर त्याचा पहिला लाभ दलालांना होईल, ही शंकाही निराधार नव्हे. परंतु दानाची मर्यादा म्हणून आखलेली रेषा हळूहळू माणसाच्या योग्यतेची रेषा होऊन बसते. सरकारी परिभाषेतील ‘अपात्र’ हा शब्द त्याची साक्ष देतो.

हा पेच १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. ऐन पावसाळ्यात पदपथावरील कुटुंबांना हटवून आपापल्या गावी धाडण्याचे राज्य शासनाने ठरविले होते. अर्जदारांत सेलमहून आलेला एक भूमिहीन मजूर होता. अवर्षणाने काम गेले म्हणून तो १९६१ साली मुंबईस आला होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १० जुलै १९८५ रोजी निर्णय देताना उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच सामावलेला आहे, हे तत्त्व स्वीकारले. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क कोणालाही नाही, हेही त्याच निर्णयात आहे. १९७६ च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी आणि पदपथवासीयांना ३१ ऑक्टोबरपर्यंत हलवू नये, असा आदेश झाला. तत्त्व जीवनाएवढे विशाल, आणि पदपथवासीयाच्या पदरात पडलेली करुणा मात्र पावसाळ्यापुरती!

उंबरठ्याच्या आत उभे असणाऱ्यांचा पूर्वेतिहास येथे विसरता येत नाही. गिरणगाव वसविले ते कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांनी. एकेका गावाची एकेक खोली असे; पाळी संपवून येणारा आणि पाळीवर जाणारा एकाच वळकटीच्या जागेत आळीपाळीने झोपत. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांची खोलीही त्या काळी भाग्याची वाटावी, अशी ती स्थिती होती. त्यांच्या येण्याला कोणी कालमर्यादा घातली नव्हती.

याहून अवघड गोष्ट भाडेनियंत्रणाची. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली आणि असंख्य कामगार कुटुंबे वाचली, हे त्या कायद्याचे ऋण नाकारता येणार नाही. पण भाड्यासाठी चाळी बांधणे क्रमशः आटत गेले, जुन्या खोल्या पागडीवर हस्तांतरित होऊ लागल्या आणि पागडी देण्यास असमर्थ असा नवागत झोपडपट्टीकडे वळला. आधी आलेल्याचे रक्षण नंतर येणाऱ्यावरील बंदीत परिणत झाले. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. म्हणूनच त्याचा नैतिक विचार अधिक कठोरपणे व्हावयास हवा. जुन्या भाडेकरूला संरक्षण देणाऱ्या शासनाने नव्यासाठी पुरेशी भाड्याची घरे उभी केली असती, तर अतिक्रमणाचा दोष एकट्या आगंतुकाच्या माथी आला नसता.

भारतात कोठेही राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात आहे. प्रत्यक्षात अगदी अलीकडे आलेले कुटुंब बहुधा झोपडीचेही मालक नसते. ते पोटमाळ्यावर भाड्याने राहते, भाडे रोख देते आणि पावती मागत नाही. त्यामुळे सर्वेक्षणाच्या कागदावर त्या झोपडीत फक्त मालकाचे नाव उमटते.