बरणीतला वैशाख

चैत्र शुद्ध तृतीयेस गौर झोपाळ्यावर विराजमान झाली, की कृष्णाकाठच्या घरांतून कैरीची डाळ आणि पन्हे यांचा जो उत्सव आरंभतो, तो अक्षय्यतृतीयेस संपत असला, तरी कैरीचा खरा बंदोबस्त त्यानंतरच होतो. कऱ्हाडकडील गुळाच्या पाकात शिजविलेला गुळांबा, जो मला साखरांब्याहून अधिक खानदानी वाटतो, वर्षभर टिकतो, कारण दाट पाक फळातील पाणी ओढून घेऊन बुरशीला थाराच देत नाही. गुळांबा जसा बरणीत, तशी सांगलीजवळच्या हरिपुरास जमिनीच्या पोटातील पेवांत हळद वर्षानुवर्षे निर्धोक राहत असे. २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळ पेवे निकामी केली. बरणीच्या पहाऱ्यास मात्र तोंडावर बांधलेला दादरा, कोरडा चमचा आणि आजीची करडी नजर एवढी शिबंदी पुरते.