दृष्टीआड सृष्टी?

‘दृष्टीआड सृष्टी’ असं आपण सहज म्हणून जातो. या म्हणीत थोडी हतबलता आहे आणि थोडी सोयही आहे. पलीकडच्या तालुक्यात पूर आला, कुठं डोंगर पेटला, कुणाची विहीर आटली; दिसलं नाही म्हणून कळलं नाही, कळलं नाही म्हणून काही केलं नाही. मन मोकळं!

आता ही सोय फारशी उरलेली नाही. माझ्या भाच्यानं घरच्या संगणकावर मला एक साधन उघडून दिलं. कॉपर्निकस ब्राउझर त्याचं नाव. नकाशावर गाव शोधायचं, तारीख निवडायची, की उपग्रहानं टिपलेलं चित्र समोर. युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतले उपग्रह ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि साधारण दर ५ दिवसांनी त्याच जमिनीवरून पुन्हा जातात. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ साली वर गेला, आणि २००८ पासून त्या मालिकेची चित्रं सगळ्यांना फुकट मिळू लागली. आपल्या इस्रोचं ‘भुवन’ २००९ सालचं. एकेकाळी सरकारांना आणि शास्त्रज्ञांनाच दिसणारी पृथ्वी आज दुपारची भांडी आवरून बसलेल्या बाईलाही दिसते.

मग प्रश्न पडतो, दिसू लागल्यावर माझ्यावर काही जबाबदारी येते का?

कुणी म्हणेल, छे! साऱ्या जगाकडं बघत बसलो तर घराकडं कोण बघणार? यात तथ्य आहे. पण उत्तर देण्याआधी हे बघणं कसलं आहे, ते नीट तपासलं पाहिजे.

या साधनात ढगांसाठी एक पट्टी आहे. ती सरकवली की ढगाळ चित्रं बाजूला पडतात आणि स्वच्छ तेवढी समोर येतात. सोयीचीच गोष्ट. पण आपल्याकडं पूर येतो तो ढगांखाली. म्हणजे स्वच्छ चित्र मागताना नेमके संकटाचे दिवस आपण वगळून टाकतो. माणसांच्या बाबतीतही आपण ही पट्टी किती वेळा सरकवतो, ते ज्याचं त्यानं आठवावं.

ढगांपलीकडचं बघायला सेंटिनेल-१ हा रडारचा उपग्रह आहे. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात; संथ पाणी त्या लहरी दुसरीकडं परतवतं, म्हणून चित्रात काळं दिसतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात, सांगली-कोल्हापुरात आणि आमच्या बेळगाव जिल्ह्यातही महापूर आला. माझं माहेर दूधगंगेकाठचं. त्या वेळची रडारची चित्रं बघितली, तर करड्या कापडावर शाई सांडावी तसं पाणी पसरलेलं. खरं सांगायचं तर चित्र सुंदर होतं. याच गोष्टीनं मी अस्वस्थ झाले.

सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एका गुंठ्यात घर असतं, गोठा असतो, परसातली शेवग्याची झाडं असतात. त्या सगळ्यांचा मिळून एकच रंग. चित्र खोटं बोलत नाही. पण त्याचं खरं एका बाजूचं आहे. आपल्याकडं अनेकान्त म्हणतात तो हाच. एका जागेवरून दिसलेलं खरं, पण तेवढंच खरं नव्हे.

चित्र बघून मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, “वन्सं, पाणी उतरलं हो आठवड्यात. पण भिंतीतली ओल दिवाळीपर्यंत गेली नाही. आणि गाभण म्हैस दुसऱ्याच्या माळावर बांधावी लागली, ते मनाला लागलं.” भिंतीतली ओल आणि मनाला लागलेलं कुठल्या उपग्रहाला दिसणार?

कुणाला वाटेल, उपग्रह मंदिर आणि उकिरडा सारख्याच नजरेनं बघतो, ना राग ना द्वेष; हीच तर समदृष्टी! मला तसं वाटत नाही. ज्याला हलता येतं, कळवळता येतं आणि तरीही जो तोल सोडत नाही, त्याची ती समता. जडाला द्वेष नसतो, तशी दयाही नसते. फार उंचावरून बघायची सवय लागली तर ही जडाची समता आपल्यातही उतरेल आणि आपण तिला वैराग्य समजू, याची मला भीती वाटते.

म्हणून जबाबदारी येते, असंच माझं उत्तर आहे. मात्र जग सावरण्याची नव्हे, विचारपूस करण्याची. दिसलेल्या प्रत्येक ठिकाणी मदत पोहोचवणं कुणालाच जमणार नाही. पण जिथं आपलं कुणी आहे, तिथं एक फोन करता येतो; जिथं कुणी नाही, तिथल्या माणसाबद्दल “त्यांचं काही एवढं वाईट नाही” असं न बोलण्याचा संयम तरी पाळता येतो. यंत्र दाखवून मोकळं होतं. पुढं विचारायचं काम आपलं आहे, आणि त्याला उपग्रह लागत नाही.