बाळसं आणि बोल

वर्षाचं मूल गुबगुबीत असलं की आपण त्याला बाळसं म्हणतो, दृष्ट काढतो. तेच मूल दहाव्या वर्षीही तसंच असलं की वर्गात ‘जाड्या’ आणि घरात ‘खादाड’ ठरतं. हा बोल मुलाला लावणं मला अन्यायाचं वाटतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993 पासून आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास करत आले. तिथली बाळं जन्मतः सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू खुरटलेले, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पहिला घास तोंडात जाण्याआधीच शरीराने साठवणीचा मार्ग धरलेला असतो. सडपातळ दिसणारं मूलही यातून सुटत नाही, हे आपण फारसं ध्यानात घेत नाही.

त्या शरीराला आपण कुठे वाढवतो? मुंबईत नाहूरला 2006 मध्ये लोकलचं स्टेशन झालं, आसपासच्या कारखान्यांच्या जागी उंच इमारती आल्या. अशा वस्तीत मुलाच्या वाट्याला येतं गाड्यांच्या रांगांमधलं आवार, संध्याकाळचा क्लास आणि पाच रुपयांची वेफर्सची पुडी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालची जादा वजनाची मुलं 2015-16 मध्ये 1.9 टक्के होती, 2019-21 मध्ये 4.1 टक्के झाली. त्याच वेळी 35 टक्के मुलं खुरटलेली होती. चार-पाच वर्षांत पोरांची हाव दुपटीने वाढत नसते.

कुणी म्हणेल, शेजारचं मूल त्याच आवारात वाढूनही काटक आहे. असेल, पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, पण कौलं फुटकी असतील तेच घर गळतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बोल लावला नाही तर मूल शेफारेल. पण चिडवलेलं मूल आधी मैदान सोडतं, मग लपून खातं. आई-वडिलांनाही सगळा दोष देता येत नाही. रात्री आठच्या लोकलने परतणाऱ्या माणसाच्या हातात संध्याकाळ उरत नाही. म्हणून नियम लागतात, आणि ते आहेत. राज्याने 2017 मध्ये शाळेच्या उपाहारगृहांतून वेफर्ससारखे पदार्थ हटवायला सांगितलं. केंद्राच्या 2020 च्या नियमाने फाटकापासून 50 मीटरच्या आत ते मुलांना विकायला मनाई केली. पन्नास मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर पावलं. शाळा सुटताना फाटकाशी उभ्या असलेल्या कुणालाही ती मोजता येतील.