चासीचा नंबर जपता, मग चासी का नाही?

कोकणातल्या कुठल्याही बंदराबाहेर उभ्या असलेल्या मासळीच्या पिकअपखाली एकदा वाकून पाहा. मागच्या पाट्यांचे हँगर गंजून फुगलेले दिसतील, हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांचे पापुद्रे सुटलेले दिसतील. पण चासीवर जिथे नंबर ठोकलेला असतो, तेवढी वीतभर जागा बऱ्याच गाड्यांवर शाबूत असते. तिथे मालकाने ग्रीस थापून ठेवलेलं असतं, कारण नंबर गंजाने पुसला गेला तर आरटीओत पासिंग अडतं. ही वीतभर जागा फार बोलकी आहे. तेच लोखंड, तीच खारी हवा, वरून गळणारं तेच पाणी, तरी ती टिकते. म्हणजे लोखंड कसं वाचवायचं हे मालकाला कळतं. मग उरलेली चासी त्याने कोणाच्या जिवावर सोडून दिली आहे?

विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, 'समुद्राकाठी लोखंड सडायचंच.' हे उत्तर मला मान्य नाही. याच किनाऱ्यावर माणसं पिढ्यान्पिढ्या होड्या सांभाळत आली आहेत. १ जूनला मासेमारी बंद झाली की होडी वर ओढायची, तळ खरवडायचा, फटी बुजवायच्या, रंग द्यायचा, शाकारून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच तिचं तोंड समुद्राकडे करायचं. खारं पाणी काय करतं हे या लोकांना शिकवायला कोणी नको. फरक एवढाच की छोट्या होडीत मालक स्वतः असतो, त्याचा भाऊ असतो, मुलगा असतो. पिकअपच्या स्टिअरिंगवर मात्र पगारी ड्रायव्हर असतो.

गंज नेमका कुठे धरतो ते नीट समजून घेतलं पाहिजे. बर्फात भरलेल्या मासळीचे क्रेट हौद्यात रचतात. बर्फ वितळतो आणि मीठ, रक्त, बुळबुळीत चिकटा असं सगळं घेऊन ते पाणी हौद्याच्या फटींतून खाली चासीवर उतरतं. उघड्या बाजूवरचं पाणी वाऱ्याने निघून तरी जातं. जिथे पत्र्यावर पत्रा बसवून रिव्हेट मारले आहेत, जिथे पोकळ पट्टीची भोकं चिखलाने बुजली आहेत, तिथे ते मुक्काम करतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपणहून पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं, तसंच सांध्यात अडकलेलं मीठही पाझरत राहतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओलंच राहतं. त्यामुळे गाडी वरून कोरडी दिसली तरी तिचे सांधे कोरडे नसतात. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्र्यांच्या मध्ये तो फुगतो आणि पत्रे एकमेकांपासून ढकलून वेगळे करतो. बाहेरून फुगवटा दिसायला लागतो तोवर आतला पत्रा निम्मा संपलेला असतो.

अशी गाडी सपाट रस्त्यावर कशीबशी चालतेही. पण रत्नागिरीची मासळी आंबा घाटाने कोल्हापूरला चढते, मालवणची फोंडा घाटाने जाते. भरलेली गाडी घाटातल्या वळणावर आपला सगळा भार एका बाजूच्या पाट्यांवर टाकते आणि पाटे त्या सडलेल्या हँगरवर. हँगर सुटला की मागचा अॅक्सल सरकतो. ब्रेकच्या लोखंडी नळ्याही चासीच्याच कडेने गेलेल्या असतात आणि त्याही त्याच पाण्याने खाल्लेल्या असतात. उतारावर नळी फुटली तर समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांनी काय करायचं? चासी मालकाची असेल, तिच्या भरवशावर असलेले जीव त्याच्या मालकीचे नाहीत.

बरं, उपाय म्हणून जे केलं जातं त्यातलं बरंचसं झाकपाकच असतं. पासिंगच्या आदल्या दिवशी गंजावरच काळा रंग मारला जातो. भोक पडलं तर वरून पत्र्याचा तुकडा वेल्ड केला जातो. त्या वेल्डिंगच्या आचेने आतल्या बाजूचा उरलासुरला रंग जळतो आणि सडणं पुन्हा तिथूनच सुरू होतं. जळकं ऑइल मारायची चालही जुनी आहे. ते रबरी बुशांना मानवत नाही आणि पहिल्या पावसात वाहून अंगणात, विहिरीच्या कडेला जातं. बंदरावर तर गाडी पंपाच्या खाऱ्या पाण्यानेच धुतात; ते धुणं नव्हे, मिठाचा आणखी एक हात आहे.

करायचं ते अवघड नाही. हौद्याच्या तळाच्या फटी बंद करून वितळलेलं पाणी एका नळीने टाकीत घ्यायचं. ते पाणी रस्त्यावर न सांडल्याने दुचाकीवाल्यांच्या चाकाखालचा निसरडा रस्ताही सुधारेल. खेप झाली की गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायची, पाण्याचा झोत पोकळ पट्ट्यांच्या आत सोडायचा आणि पाणी जायची भोकं तारेने मोकळी करायची. मे महिन्यात, लोखंड तापून खडखडीत कोरडं असताना, गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा, रेडऑक्साइड आणि रंग द्यायचा, पोकळीत मेण किंवा ग्रीस भरायचं. बंदीच्या दोन महिन्यांत गाडी पावसात उभीच असते. मीठ अंगावर ठेवून ती उभी केली तर चालत्या गाडीपेक्षाही जास्त सडते.

उत्तर अमेरिकेत बर्फाळ रस्त्यांवर मीठ टाकतात आणि तिथल्या पिकअपनाही हाच रोग होतो. तिथे लोकांनी 'मीठ आहे, सडायचंच' असं म्हणून सोडलं नाही. फ्रेमला गंजापासून पुरेसं संरक्षण दिलं नाही म्हणून त्यांनी टोयोटावर दावे लावले. २०१६ मध्ये झालेल्या तडजोडीत टॅकोमा, टंड्रा आणि सिक्वोया या मॉडेलांच्या सुमारे १५ लाख गाड्यांच्या फ्रेम तपासायच्या आणि सडलेल्या बदलून द्यायच्या असं ठरलं. तिची किंमत ३.४ अब्ज डॉलरपर्यंत धरली गेली. आपल्याकडच्या मालकांनीही कंपन्यांना विचारायला हवं की किनाऱ्यावर विकल्या जाणाऱ्या गाडीच्या चासीला आतून कोणता लेप देता? पण हा प्रश्न विचारायचा अधिकार स्वतः चासी धुणाऱ्यालाच शोभतो.

आपल्याकडे मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होतं. यंत्र ब्रेक आणि धूर मोजेल. सडलेली चासी मात्र खड्ड्यात उतरून, हातोडी मारूनच कळते. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं भद्द वाजतं. किनारी जिल्ह्यांत ही हातोडी सक्तीची व्हावी. मच्छीमार सहकारी संस्थांनी बंदरावर गोड्या पाण्याचा रॅम्प बांधावा आणि खेपेमागे थोडं शुल्क घ्यावं. आणि चासी भद्द वाजते म्हणून ड्रायव्हरने घाट चढायला नकार दिला तर त्याचा त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, एवढी अट मासळीचे व्यापारी आणि वाहतूकदार यांनी एकत्र बसून येत्या बंदीआधी लेखी मान्य करावी.