काही तक्रार नाही

मराठी माणसाला कसलाही प्रश्न विचारा, तब्येतीचा, नोकरीचा, संसाराचा किंवा नव्या जावयाचा; तो क्षणभर छताकडे बघतो आणि म्हणतो, "तशी काही तक्रार नाही." ह्या वाक्यातला 'तशी' फार खोल आहे. त्या 'तशी'त एक सबंध कादंबरी मावते. पण विचारणाऱ्याला बस गाठायची असते, आणि कादंबरी तशीच राहून जाते.

आमच्या शाखेत भिंतीवर एक तक्रारपेटी आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती रीतसर, दोघांच्या साक्षीने उघडली जाते. आत बहुधा पैसे काढायची एक कोरी स्लिप आणि गोळीचा कागद निघतो. मग रजिस्टरात 'तक्रारी : निरंक' अशी नोंद होते, खाली सही-शिक्का होतो, आणि वरच्या कचेरीत असा समज पसरतो की ह्या शाखेचे ग्राहक अत्यंत सुखी आहेत. गेली बावीस वर्षं मी काउंटरच्या अलीकडे बसून त्या सुखी ग्राहकांची तोंडं बघतो आहे. तेव्हा प्रश्न असा, की जो तक्रार करत नाही त्याचं बरं चाललंय असं धरून चालावं काय? आणि तसं धरून चाललो आणि पुढे काही विपरीत झालं, तर ती रक्कम कुणाच्या नावे टाकायची? न बोलणाऱ्याच्या, की न विचारणाऱ्याच्या?

प्रश्न नीतिशास्त्राचा आहे आणि मी पडलो बी.कॉम. त्यामुळे ग्रंथांच्या वाटेला न जाता मी ह्या विषयाचा अभ्यास एका मोटारीच्या बॉनेटखाली केला. मोटार आमच्या दाजींची, म्हणजे थोरल्या ताईच्या यजमानांची. १९९८ सालची, पेट्रोलची, मूळची पांढरी. आरटीओत दोनदा नोंदणी वाढवून घेतलेली. दाजी तिला आठवड्यातून एकदा मंडईत आणि वर्षातून दोनदा साताऱ्याला नेतात, आणि उरलेले दिवस कापडाखाली झाकून ठेवतात. कपाटातल्या पैठणीला सुद्धा इतका आराम नसेल.

आता थोडं यंत्रशास्त्र. घाबरू नका, मला कळलं तेवढंच सांगतो. इंजिनात दोन दांडे असतात. खालचा क्रँकशाफ्ट, वरचा कॅमशाफ्ट. खालचा पिस्टनांच्या जोरावर फिरतो आणि गाडी ओढतो. वरचा व्हॉल्व्ह नावाची छोटी दारं उघडतो आणि मिटतो. एक दार हवा-पेट्रोल आत घ्यायचं, दुसरं धूर बाहेर सोडायचं. खालच्याचे दोन फेरे होतात तेव्हा वरच्याचा एक व्हायचा, कमी नाही की जास्त नाही. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक दार सेकंदाला २५ वेळा उघडतं आणि मिटतं. एवढ्या घाईत ह्या दोघांचा मेळ राखतो तो टायमिंग बेल्ट. बोटभर रुंदीचा, आतून दाते असलेला रबरी पट्टा. आमच्याकडे एवढ्या जबाबदारीच्या कामाला दोन अधिकारी आणि एक समिती लागली असती.

पूर्वी हे काम साखळीकडे असे. प्रीमियर पद्मिनीत साखळी होती, अॅम्बॅसडरमध्येही साखळीच. साखळीचा स्वभाव जुन्या हेडक्लार्कसारखा. तिला सतत तेल लागतं, जरा सैल पडली की ती खडखड करू लागते, आणि ती खडखड महिनोन्महिने चालते. गल्लीतल्या पोरांनाही कळतं की ह्या गाडीचं काहीतरी बिनसलंय. पुढे जर्मनीतल्या ग्लास नावाच्या कंपनीने १९६२ साली बाजारात आणलेल्या आपल्या १००४ ह्या मोटारीत दात्यांचा रबरी पट्टा घातला. असला पट्टा त्याआधी शिवणयंत्रात सुई आणि बॉबिन यांचा मेळ राखत असे. तो हलका, स्वस्त, तेल मागत नाही आणि आवाज करत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आपल्याकडे आली तीही पट्टा घेऊनच. मध्यमवर्गाला मोटार मिळाली आणि मोटारीला मध्यमवर्गी स्वभावाचा पट्टा मिळाला : झाकणाआड राहायचं, मुकाट्याने काम करायचं, आणि कुरकुर म्हणून करायची नाही.

त्याच इंजिनात त्याचा फॅनबेल्ट नावाचा एक भाऊबंद असतो. तो जरा सैल झाला की पावसाळी सकाळी असा किंचाळतो, की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकीत येतात. त्याची दुरुस्ती त्याच आठवड्यात होते. घरात काय, कचेरीत काय आणि इंजिनात काय, जो किंचाळतो त्याला आधी स्पॅनर लागतो.

तर २०२२ सालच्या मे महिन्यात दाजींची गाडी पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात बंद पडली. पुढे दाजी आणि ताई, मागे मी आणि आंब्याची पेटी. ना धूर, ना हिसका, ना खोकला. एखादा वक्ता वाक्याच्या मध्येच खाली बसावा, तशी ती थांबली.

घाटात गाडी बंद पडली की डोंगरातून तज्ज्ञ उगवतात. एक म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. दुसरा म्हणाला, कॉइल गेली. तिसऱ्याने प्लग काढून ते शर्टाला पुसले आणि परत लावले, त्यामुळे शर्ट काळा झाला. चौथ्याने बंपरकडे बघून विचारलं, "लिंबू बांधलेलं नव्हतं का?" प्रत्येक तज्ज्ञाच्या सांगण्यावरून दाजी एकेकदा चावी फिरवत होते. शेवटी खंडाळ्याहून मोटारसायकलवर एक मिस्त्री आले. साठीचे, बोलणं बेताचं. ते बॉनेटला हात न लावता म्हणाले, "एकदाच चावी फिरवा. आणि बाकीच्यांनी गप्प बसा."

दाजींनी चावी फिरवली. एरवी स्टार्टर मारला की इंजिन दमेकऱ्यासारखं ओढ घेत फिरायचं. त्या दिवशी ते घुर्रकन सुसाट फिरलं, जसं काही त्याच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं होतं. मिस्त्री म्हणाले, "दम धरत नाही. दारं मिटत नसली तर हवा कोंडणार कुठं?" मग त्यांनी डिस्ट्रिब्यूटरचं टोपण काढलं. "ह्यातला रोटर वरच्या दांड्यावर फिरतो. आता बघा." पुन्हा क्षणभर स्टार्टर. खाली इंजिन फिरत होतं आणि रोटर देवळातल्या कासवासारखा जागच्या जागी. "खालचा पळतोय, वरचा उभा. मधला बेल्ट तुटला. आता चावीला हात लावू नका, साहेब. जेवढं वाकलंय तेवढं पुरे."

निदान पाच मिनिटांत झालं, पैसे न खर्चता. मी मनातल्या मनात त्यांना चार वेतनवाढी मंजूर केल्या.

दाजी म्हणाले, "पण काल रात्रीपर्यंत काही तक्रार नव्हती हो!"

"बेल्ट तक्रार करत नसतो, साहेब. शेवटचा कधी बदलला?"

"गाडी घेतल्यापासून नाही. पण फार चालवतच नाही मी. तीस हजार किलोमीटरसुद्धा झाले नसतील."

"आणि वर्षं?"

"अकरा."

"रबर आहे ते. उभ्या गाडीतसुद्धा म्हातारं होतं. पुस्तकात लिहिलेलं असतं बघा, इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, ह्यातलं जे आधी होईल ते."

ताई रस्त्याकडेच्या दगडावर थर्मासमधला चहा ओतत होती. ती कपाकडे बघतच म्हणाली, "तक्रार करायला तोंड लागतं."

दाजींना वाटलं ती पट्ट्याबद्दल बोलतेय.

गाडी ओढून खंडाळ्याला नेली. झाकण काढल्यावर पट्टा निघाला. एका जागी तुटलेला, आणि जवळच्या सीलमधून झिरपलेल्या तेलाने फुगलेला. इथे मला इंजिनांच्या दोन जाती कळल्या. एका जातीत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची जागाच वेगळी असते, पट्टा तुटला तरी एकमेकांना धक्का लागत नाही. दुसऱ्या जातीत दोघांची जागा एकच आणि वेळा वेगळ्या, चाळीतल्या सामायिक नळासारख्या. वेळ पाळली जाते तोवर सगळे सभ्य; वेळ चुकली की बादलीवर बादली. दाजींची गाडी ह्या दुसऱ्या चाळीतली. मिस्त्रींनी नवा पट्टा चढवून कॉम्प्रेशन मोजलं तर एका सिलिंडरचा काटा जागचा हलेना. मग हेड उतरलं, वाकलेले दोन व्हॉल्व्ह बदलले, बाकीचे घासून बसवले, नवं गॅस्केट, नवी सीलं, नवा टेन्शनर. पट्टा चढवताना त्यांनी वरच्या आणि खालच्या पुलीच्या खुणा जुळवल्या, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवलं आणि खुणा परत तपासल्या. आमच्या कॅशियरचं नोटा दोनदा मोजणं मला आठवलं. बिल झालं १८,४०० रुपये. पट्टा वेळेवर बदलला असता तर मजुरीसकट दोन हजारांत भागलं असतं.

आता इथे दाजींना मूर्ख ठरवून मोकळं होता येईल, आणि घरातल्या सगळ्यांनी ते केलंही. पण दाजींची बाजू हलकी नाही. समजा, त्यांनी पट्टा वेळेवर बदलला असता. मिस्त्रींनी जुना पट्टा हातात दिला असता. तो दिसायला धडधाकट दिसला असता. दाजी घरी येऊन म्हणाले असते, "चांगला पट्टा काढला आणि दोन हजार उपटले, चोर लेकाचा!" आणि हे खोटं आहे हे जगातला कुणीही त्यांना पटवू शकला नसता, कारण न तुटलेला पट्टा कधी तुटला असता हे सिद्ध करता येत नाही. सावधपणाचं हेच दुखणं आहे. तो यशस्वी झाला की वायफळ खर्चासारखा दिसतो. जमाखर्चाच्या वहीत झालेल्या नुकसानीला रकाना आहे, बुडेल अशा कर्जासाठी तरतुदीचाही आहे. पण काळजी घेतल्यामुळे जे घडलंच नाही, त्याची जमा कुठल्या पानावर मांडायची, हे आम्हाला बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत कुणी शिकवलं नाही.

दुसरी अडचण. मुकाट माणसाची चौकशी करायची म्हणून रोज त्याचं झाकण उघडायचं ठरवलं, तर गाडी रस्त्यावर यायची नाही आणि माणूस वैतागेल. "तुला काही होतंय का? नक्की नाही ना?" असं दिवसातून चारदा विचारणाऱ्या नवऱ्यापेक्षा न विचारणारा परवडला, असं सांगणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

ह्यावर तोडगा त्या पुस्तकातल्या एका ओळीत आहे. किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल ते. तक्रारीची वाट बघायची नाही आणि संशयही घ्यायचा नाही. तारीख आली की झाकण उघडायचं. लोक बँकांना हसतात, पण आम्ही हे कधीच ओळखलं आहे. पेन्शनर नोव्हेंबरात समोर येऊन उभा राहिला तरी आम्ही त्याच्याकडून हयातीचा दाखला घेतो. ज्या खातेदाराकडून कसलीच धास्ती नाही, त्यालाही दर दहा वर्षांनी कागदपत्रं मागून विचारतो, की तुम्ही अजून तुम्हीच आहात ना? नाजूक जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग दहा दिवस, आगाऊ न सांगता रजेवर धाडा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो बिचारा म्हणतो, मला रजा नको, माझी काही तक्रार नाही. म्हणूनच तर धाडायचं! ह्यात प्रेमाचा भाग कमी आहे हे मान्य. पण तारीख पाळणारी कोरडी चौकशी, तारीख विसरणाऱ्या मायेपेक्षा कधीकधी जास्त उपयोगी पडते.

ताईने हे माझ्याआधी ओळखलं. साताऱ्याहून परतल्यावर तिने आपणहून डॉक्टर गाठले आणि रक्तदाब मोजून घेतला. वय ५४, ह्याआधी कधी मोजला होता ते तिला आठवेना. डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" ती म्हणाली, "तशी काही तक्रार नाही." काटा १६८ वर गेला होता. डॉक्टर म्हणाले, ह्या दुखण्याची रीतच ही. बहुतेकांना वर्षानुवर्षं काही जाणवत नाही. आता ती रोज एक गोळी घेते. दाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गाडीच्या पुढच्या पट्ट्याची तारीख लिहून ठेवली आहे, आणि तिच्या खाली, जरा बारीक अक्षरांत, ताईच्या तपासणीची. अक्षर बारीक का, असं मी विचारलं नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं लिहितो हेच मोठ्या टायपात वाचावं.

मलाही एक गोष्ट उमगली आहे. पहिला 'कसं काय?' हा नुसता नमस्कार असतो. त्याचं उत्तर 'ठीक' असंच द्यायचं, हा दोन्ही पक्षांचा करार आहे. खरी चौकशी दुसऱ्यांदा विचारल्यावर सुरू होते.

आमच्या शाखेत एक दफ्तरी आहेत. रोज सगळ्यांच्या आधी येतात, रजिस्टरं जागच्या जागी लावतात, व्हाउचरं शिवतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात. एकतीस वर्षांत तक्रार नाही. परवा मी त्यांना विचारलं, "कसं काय?" ते म्हणाले, "ठीक." मी खुर्ची ओढून जवळ बसलो आणि पुन्हा विचारलं, "नाही, खरंच. कसं चाललंय?"

त्यांनी सुई-दोरा खाली ठेवला. माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आपलं काही काम होतं का?"